छप्पन नंबरची फ्रेम

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४.

आज सासुरवाडीला जेवण. मेहुण्याने पुन्हा आपल्या सायकल ग्रुपचं पुराण लावलं. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी म्हणे सगळे पाण्याच्या टाकीची टेकडी चढणार. मी सहज म्हटलं, मीही येतो.  मग मेहुणा म्हणाला, दाजी, टेकडी आहे ती, जिना नाही. सासरे हसले. सासूबाई हसल्या. ही हसली नाही, पण तिने पाणी पिण्यासाठी ग्लास तोंडाला लावला तो बराच वेळ खालीच ठेवला नाही.

मी तिथल्या तिथे जाहीर केलं. टेकडी चढणार. तीही स्वतःच्या हाताने बांधलेल्या कार्बनच्या सायकलवर. आणि मेहुण्याच्या आधी वर पोहोचणार. मेहुण्याने टाळी दिली आणि लगेच ग्रुपवर माझं नाव टाकलं. आता माघार नाही. नाही चढलो तर हा माणूस मला म्हातारपणापर्यंत ऐकवेल. शिवाय हिच्यासमोर.

३ फेब्रुवारी, सोमवार.

अभ्यास सुरू. रोड बाइकचं सगळं गणित वजनावर. चढावर एकेक ग्रॅम नडतो. आणि वजन हा तर माझा घरचा विषय. वजनमापे खात्यात इन्स्पेक्टर आहे मी. मी रस्त्याच्या टोकाला दिसलो की दुकानदार तराजू पुसायला घेतात. काट्यावर केस पडला तरी मला कळतो.

मेहुण्याची सायकल दुकानातून आयती आणलेली. तशी कोणीही आणेल. मी एकेक पार्ट निवडून, बजेटमध्ये, त्याच्यापेक्षा हलकी बांधणार. त्याला अक्कल लागते.

व्यायाम उद्यापासून.

५ फेब्रुवारी, बुधवार.

व्यायाम सोमवारपासून. आठवड्याच्या मध्येच सुरू केलं तर शरीर गोंधळतं.

८ फेब्रुवारी, शनिवार.

फ्रेमची ऑर्डर दिली. ऑनलाइन. कार्बनची, काळी, किरकोळ ओरखडा असलेली म्हणून स्वस्त. विकणाऱ्याने उंची विचारली. पाच फूट नऊ, असं लिहिलं. कॉलेजच्या ओळखपत्रापासून तीच आहे. तेव्हा फॉर्म मी स्वतः भरला होता, त्यामुळे चुकीचा प्रश्नच येत नाही.

ही मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, एकदा मोजून घ्या ना. मी म्हटलं, दिवसभर दुनियेची मापं तपासणाऱ्याला तू माप शिकवतेस?  विकणाऱ्याचं उत्तर आलं, छप्पन नंबर घ्या. म्हणजे मोठ्या माणसांचा नंबर. बरं वाटलं.

तशी आम्ही दोघं सारख्याच उंचीची. ही केस वर बांधते म्हणून थोडी जास्त वाटते. तिच्या लायब्ररीत वरच्या कप्प्यातली पुस्तकं काढायला सगळे हिलाच हाक मारतात, पण त्याचं कारण हात लांब आहेत. लेकही उंच निघाली. माझ्यावर गेली.

१० फेब्रुवारी, सोमवार.

व्यायाम सुरू केला. पाऊण जिना चढलो, तेवढ्यात लिफ्ट समोर येऊन उभी राहिली. रिकामी लिफ्ट परत पाठवणं म्हणजे विजेचा अपव्यय.

१९ फेब्रुवारी, बुधवार. संध्याकाळी.

फ्रेम आली!

 पिसासारखी हलकी. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. काट्यावर मैदा होता, हिचा केक चालला होता. मैदा बाजूला सारला, थोडा सांडला. वजन जाहिरातीपेक्षा जास्त भरलं. विकणाऱ्याला खरमरीत मेसेज टाकणार होतो, पण आधी फ्रेमच्या नळीत कोंबलेला रद्दी कागद काढला. मग बरोबर भरलं. असो.

हिने फ्रेम एका बोटावर उचलली. अशी शेजारी धरून उभी राहिली. म्हणाली, कॉलेजला मी रोज सायकलनेच जायचे, उतारावर हात सोडून. मी म्हटलं, तेव्हाच्या सायकली वेगळ्या, ही रेसिंगची आहे, याला तंत्र लागतं. तिने फ्रेम खाली ठेवली आणि सांडलेला मैदा पुसायला घेतला.

२३ फेब्रुवारी, रविवार.

गिअरचा सेट मिळाला. जुना, पण जेमतेम वापरलेला. एका गृहस्थाने हौसेने घेतला आणि नाद सोडून दिला. अशा माणसांची मला कीव येते.

लोखंडी स्क्रू काढून टायटॅनियमचे मागवले. एकूण बचत, दोन बिस्किटांएवढी. आनंदात चहाबरोबर बिस्किटं खाल्ली. कन्येने विचारलं, बाबा, स्क्रू हलके करण्यापेक्षा स्वतः थोडे हलके का होत नाही? तिला समजावलं की सायकलवरच्या माणसाचं वजन जिवंत असतं, ते स्वतः जोर लावतं. स्क्रू काय लावतो?

तरी वजनकाट्यावर उभा राहून पाहिलं. वाढलंय. खिशात किल्ल्या होत्या.

२ मार्च, रविवार.

हॉलमध्ये जोडणी सुरू. सगळी कृती एका व्हिडिओत आहे. त्यातला माणूस सगळं चहा थंड व्हायच्या आत करतो. लबाड आहे.

गिअरची केबल फ्रेमच्या पोटातून न्यावी लागते. एका भोकातून आत घातली. दुसऱ्या भोकातून बाहेर आली नाही. वाट पाहिली. व्हिडिओत सांगितलं होतं की दोऱ्याला कापूस बांधून व्हॅक्यूम क्लीनरने ओढा. ओढला. दोरा आला, कापूस आला, त्याच्यामागे पडद्याचं टोक गेलं. लेकीच्या कानातलंही गेलं. ती जी काही बोलली ते इथे लिहीत नाही.

शेवटी केबल आपली आपणच बाहेर आली, मी जेवायला बसलो असताना. हिला दिसली. तिने ओढून ठेवली.

६ मार्च, गुरुवार.

पॅडल ज्यावर फिरतात तो खालचा बेअरिंगचा भाग घरी बसेना. हातोडीने प्रयत्न केला. हळूच. शेजाऱ्यांनी बेल वाजवली. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे नेलं. त्याने प्रेसमध्ये घालून बसवला. मग फ्रेमकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत फ्रेमकडे बघितलं. विचारलं, कुणासाठी बांधताय? मी म्हटलं, स्वतःसाठी. तो हं म्हणाला. या लोकांना दुसऱ्याने सायकल बांधलेली बघवत नाही.

मेहुण्याचा फोन आला होता. दाजी, तयारी कशी काय. उत्तम म्हटलं. रोज किती चालवता म्हणाला. रेंज नव्हती, फोन ठेवला.

१५ मार्च, शनिवार. दुपारी १२.

पूर्ण! हॉलच्या मधोमध उभी आहे. काळी, चकचकीत, खुर्चीला टेकून. मी बराच वेळ सोफ्यावरून नुसता बघत बसलो. लग्नानंतर मी एखाद्या गोष्टीकडे इतका वेळ पाहिलेलं आठवत नाही, असं ही म्हणाली. खरं असेल. स्वतःच्या हाताने केलंय. माझ्या हातून आजवर इतकं देखणं काही झालं नव्हतं. कन्या सोडून, आणि त्यातही श्रेय विभागलेलं.

दुपारी ३.

एक बारीक गोष्ट. बसून पाहिलं तर पाय पॅडलला टेकतात, पण फक्त अंगठे. सीट पार खाली केली. तरी अंगठेच. रेसिंगच्या सायकली उंचच असतात, सगळीकडे लिहिलंय. सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची नळी, आणखी खाली जाईना. कापून टाकली. बारीक दातांची करवत, ओलं फडकं, तोंडावर रुमाल. व्यवस्थित कापली. वजनही कमी झालं. मेहुण्याला हे कधी सुचणार?

आता चवड्यापर्यंत टेकतात. छान.

१६ मार्च, रविवार. सकाळी ९.

पहिली फेरी. फुटपाथच्या कडेवर उभं राहून चढलो. सगळे मोठे सायकलपटू असंच चढत असावेत. सुटली ती वाऱ्यासारखी! काय सांगू! चाळिशी उलटून किती वर्षं झाली ते विसरलो. मोठ्याने ओरडलो. फिरायला निघालेले एक आजोबा दचकले.

मग सिग्नल लागला. थांबलो. पाय जमिनीकडे नेला. जमीन होती तिथे नव्हती.

मी घाबरलो नाही. हळूहळू, अत्यंत नियंत्रित पद्धतीने शेजारच्या गाडीवर टेकलो. गाडीतल्या बाईंनी काच खाली करून विचारलं, काही मदत हवी का. मी म्हटलं, नको, सिग्नल सुटेपर्यंतच. सिग्नल सुटला. गाडी गेली.

गुडघा सोलला. सायकलला काही झालं नाही, कारण ती माझ्यावर पडली. वरच्या दांड्यावरही जरा जोरात बसणं झालं. त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

१८ मार्च, मंगळवार.

तोडगा काढला. न थांबणं. जिथे खांब, कट्टा किंवा उंच फुटपाथ आहे तिथेच थांबायचं. ऑफिसच्या वाटेवरचे सगळे खांब डोक्यात बसवले. सिग्नल लांबून लाल दिसला की गोल गोल फिरत राहायचं. आज चौकात इतका फिरलो की वाहतूक पोलिसाने शिट्टी वाजवून काय हरवलंय ते विचारलं.

२२ मार्च, शनिवार.

मान आखडली. हँडल फार लांब आहे. पोचायला मला दांड्यावर पालथं पडावं लागतं. हँडल जवळ यावं म्हणून तो जोडणारा तुकडा, स्टेम, सगळ्यात आखूड आणून लावला. तरी लांब. मग उलटा लावला. आता हँडल जवळ आलं, पण वळताना गुडघ्याला लागतं. उजवीकडे वळणं टाळतो. ऑफिसला डावीकडून डावीकडून जाता येतं, थोडा वेळ लागतो.

ही रोज मानेला मलम चोळते. आज चोळता चोळता म्हणाली, सायकल मोठी तर नाही ना झाली? मी म्हटलं, सायकल बरोबर आहे, मीच अजून तिच्यात मुरलो नाही. मलम जरा जोरात चोळलं गेलं.

टेकडी अजून पाहिलीही नाही. पण टेकडी कुठे पळून जाते?

२९ मार्च, शनिवार. संध्याकाळी.

आजचं लिहू की नको.

लिहितो. हिने परस्पर एका बाइक फिटरची वेळ घेतली. बाइक फिटर म्हणजे माणसाची मापं घेऊन सायकल त्याच्या अंगाबेताची करून देणारा. तरुण आहे, तोंडाची टकळी चालू, दर वाक्याला सर. भिंतीवर लेझर, टेबलावर स्क्रीन, कोपऱ्यात झाड. ही सोबत आली. मी म्हटलं होतं नको, तरी आली.

फिटर म्हणाला, सर, शूज काढा, भिंतीला पाठ लावा. उंची मोजली. म्हणाला, पाच फूट साडेपाच.

मी हसलो. त्याला समजावलं की बाजारातल्या टेपांचं काही खरं नसतं, मी रोज असल्या टेपा जप्त करतो. तो म्हणाला, असेल सर, बघा ना तुम्ही. बॅगेत ऑफिसची पोलादी पट्टी होतीच. त्याची टेप जमिनीवर पसरली आणि गुडघे टेकून पट्टी लावत लावत तपासली. टोकापासून टोकापर्यंत. टेप बरोबर निघाली. पुन्हा तपासली. पुन्हा बरोबर. पट्टी खोटी म्हणावी तर तिच्यावर शिक्का माझाच.

मग मीच म्हटलं, परत मोज. या वेळी मान ताणली, छाती फुगवली. पाच फूट साडेपाच. फिटर म्हणाला, सर, टाचा खाली.

मग त्याने मला सायकलवर बसवलं. स्क्रीनवर रेषा उमटल्या, सगळ्या लाल. तो म्हणाला, सर, ही तुमची सायकलच नाही, हिच्यात काही होऊ शकत नाही, तुम्हाला दोन नंबर लहान लागते. आणि गप्प बसावं की नाही? तर हिच्याकडे वळून म्हणतो, मॅडम, तुम्ही बसता का जरा?

ही नको नको म्हणाली. मी म्हटलं, बस, काय बिघडतंय. मला वाटलं, तिच्याही रेषा लाल येतील.

तिची उंची मोजली. पाच फूट नऊ. म्हणजे घरात पाच फूट नऊ होतंच, फक्त दुसऱ्याच्या नावावर होतं. फिटर सीट वर घ्यायला गेला तर नळी आखूड. ही कुणी कापली, म्हणाला. मी म्हटलं, मिळालीच तशी. त्याने स्वतःकडची उसनी घातली, स्टेम सुलटा केला. ही सायकलवर बसली. चप्पल काढून, केस मागे टाकून. पॅडल मारायला लागली. स्क्रीनवरच्या रेषा एकेक करून हिरव्या झाल्या. फिटर म्हणाला, मॅडम, इतकं परफेक्ट फिट मी या वर्षात पाहिलं नाही, ऑर्डर देऊन बनवल्यासारखी आहे. मग माझ्याकडे बघून म्हणाला, सर, सरप्राइज होतं का?

३० मार्च, रविवार.

वाचनात आलं की माणसाची उंची संध्याकाळी कमी भरते. मणके दबतात. फिटरकडे आम्ही संध्याकाळी गेलो होतो. पण साडेतीन इंच दबत नाहीत. मलाही कळतं.

हिला विचारलं, तुला माहीत होतं का? म्हणाली, हो. कधीपासून? तुम्ही मला बघायला आलात आणि मी दार उघडलं तेव्हापासून. मग आजवर बोलली का नाहीस? म्हणाली, तुम्ही कुठे विचारलंत? आणि भाजी चिरायला लागली.

दारात तिच्या चपलांकडे पाहिलं. सगळ्या सपाट. एक जोडसुद्धा टाचेची नाही. कित्येक वर्षं मला वाटत होतं, हिला तशाच आवडतात. आज दिवसभर कशात मन लागलं नाही.

३ एप्रिल, गुरुवार.

सावरलो. प्लॅन बी. फ्रेम विकायची, लहान घ्यायची, पार्ट तेच बसतील. विकायला टाकली. एक मेसेज आला, लहान नंबर आहे का म्हणून. जगात माझ्यासारखे पुष्कळ आहेत.

तोपर्यंत सायकल पडून राहिली तर चेन आखडेल. हिला म्हटलं, सकाळी थोडी फिरवून आणत जा. देखभाल म्हणून.

६ एप्रिल, रविवार.

सायकलच्या दुकानात गेलो. माझ्या नंबरात आणि बजेटात एकच सायकल निघाली. पिवळी. तिच्यावर विजेची चित्रं. खोक्यावर वय बारा ते पंधरा. दुकानदाराने विचारलं, मुलगा सोबत नाही का आणला. मी म्हटलं, तो शाळेत आहे. रविवार होता.

११ एप्रिल, शुक्रवार.

देखभाल जरा जास्तच चाललीय. पहिल्या दिवशी ही दुधाच्या दुकानापर्यंत गेली. मग बागेपर्यंत. आज टेकडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन आली. घामाने भिजलेली, गाल लाल, आल्या आल्या तांब्याभर पाणी प्यायली आणि गाणं गुणगुणत अंघोळीला गेली. हे गाणं मी पूर्वी ऐकलेलं नाही. लेक म्हणाली, आईला इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, सायकल चांगली बांधलीय.

पण रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. टेकडी मी चढणार होतो. नाव माझं दिलंय.

१२ एप्रिल, शनिवार.

सकाळी हिच्या आधी उठलो आणि पुढचं चाक काढून ठेवलं. म्हटलं, बेअरिंगमध्ये आवाज येतोय, तपासावं लागेल, दोन-तीन आठवडे तरी. हिने चाकाकडे पाहिलं. बोटाने फिरवलं. अजिबात आवाज आला नाही.  सपाट चपला घातल्या आणि पायीच फिरायला गेली.

मी हॉलमध्ये चाक मांडीवर घेऊन बसलो. खोटं माप लावणाऱ्या दुकानदाराला मी कधी सोडलेलं नाही. स्वतःची लाज वाटली. सरळ लाज वाटली, त्याला दुसरा शब्द नाही. ती यायच्या आत चाक परत लावलं. आल्यावर म्हटलं, आवाज गेला. ती म्हणाली, बरं झालं.

१९ एप्रिल, शनिवार.

मेहुण्याचा फोन. दाजी, पुढच्या रविवारी नक्की ना, का नाव कमी करू? हिने ऐकलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, तुम्हीच जायचं म्हणत असाल तर जा, पण जाणार नसाल तर मी जाऊ का? असं विचारलं जसं काही कुणाची तरी वस्तू मागतेय. घरात कुणी माझ्याकडे काही मागितलं की मी लगेच हो म्हणतो, असा माझा समज होता. मी म्हटलं, विचार करून सांगतो.

२० एप्रिल, रविवार.

विचार केला. मी गेलो नाही तर मेहुणा हसणार. मी खांबाखांबाला धरत गेलो तर जास्त हसणार. ही गेली आणि वर पोहोचली, तर सगळ्यात जास्त हसणार. कुठूनही हसणं माझ्याच वाट्याला.

संध्याकाळी फिटरची उसनी सीटपोस्ट परत केली, नवी आणली. लांब. सीट हिच्या मापाला लावली, माझ्या बेंबीपर्यंत आली. सगळे स्क्रू पुन्हा तपासले, टायटॅनियमचे काढून पोलादी बसवले. हलके स्क्रू माझ्यासाठी ठीक होते, हिच्यासाठी भरवशाचे पाहिजेत. ही दारात उभी राहून बघत होती. मी म्हटलं, जा. मेहुण्याला कळवलं, नाव तेच ठेव, आडनाव आमचंच आहे.

व्यायामाचा प्रश्नही परस्पर सुटला.

२७ एप्रिल, रविवार. दुपारी २.

सगळ्यांच्या आधी वर मी पोहोचलो. गाडीने, पण वर. सामान आणायला कुणीतरी हवंच असतं. टाकीच्या भिंतीच्या सावलीत पाणी, केळी, टॉवेल मांडले आणि रस्त्याकडे डोळे लावून बसलो.  वाटेत काही झालं तर? ब्रेक मीच बसवलेत. चेन मीच लावलीय. एखादा स्क्रू राहिला असेल तर? मी आजवर कशाची इतकी काळजी केली नव्हती. मेहुण्याची तर अजिबात आठवण झाली नाही.

वळणावर पहिलं डोकं दिसलं. कुणीतरी दाढीवाला. मग दोघं. मग काळी सायकल. सीटवरून उठून, उभी राहून पॅडल मारत ही आली. तोंड उघडं, केस चिकटलेले. तिच्यामागे कोणीच नाही. मेहुणा दिसतच नव्हता. मी ओरडलो. काय ओरडलो ते कळलं नाही, पण पहिल्या फेरीला ओरडलो होतो त्यापेक्षा मोठ्याने.

ही उतरली, सायकल माझ्या अंगावर ढकलली आणि श्वास घेत माझ्या खांद्यावर हात टेकून उभी राहिली. दाढीवाल्याने विचारलं, भारी बाइक आहे, कुठून घेतली? हिला बोलता येत नव्हतं. तिने नुसतं बोट माझ्याकडे केलं. मग कसंबसं म्हणाली, यांनी केली, हाताने. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वर वाराही होता.

बऱ्याच वेळाने मेहुणा आला. धापा टाकत. आधी बहिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सायकलकडे. चेष्टा करायची होती, पण दम नव्हता. पाणी प्यायल्यावर म्हणाला, दाजी, उभे राहा दोघं, फोटो काढतो.

आम्ही उभे राहिलो. सपाट जागा, मागे टाकी. मेहुण्याने मोबाइल वर केला आणि हिने काय केलं, तर एक गुडघा वाकवला आणि खांदा खाली घेतला. सहज, न बघता, जसं आपण दारातून आत जाताना दिवा लावतो. मी बघितलं. घरातले सगळे फोटो एकदम आठवले. एकात ही खुर्चीवर बसलेली, एकात पायरी उतरून उभी, एकात लेकीला घ्यायला वाकलेली. एकाही फोटोत सरळ नाही. इतकी वर्षं तिने स्वतःला कमी करून घेतलं आणि मला वाटत होतं, फोटोत मी बरा येतो.

मी म्हटलं, सरळ उभी राहा. तिला ऐकू आलं नसावं. पुन्हा म्हटलं, अगं, सरळ उभी राहा ना. तिने माझ्याकडे पाहिलं. मग गुडघा सरळ केला. मग पाठ. वर, आणखी वर. मेहुण्याने मोबाइल खाली घेतला, आमच्याकडे नीट पाहिलं, तोंड उघडलं आणि पहिल्यांदाच काही न बोलता मिटलं. मग फोटो काढला.

गाडीत बसल्यावर हिने विचारलं, टाकू का ग्रुपवर? मी म्हटलं, टाक.

टाकला. आत्ता बघतोय. ही केवढी उंच आहे. केवढी छान दिसते. माझं डोकं तिच्या कानाला लागतंय. अर्थात, तिच्या डोक्यावर हेल्मेट आहे. एक इंच तरी त्याचा धरायला हवा.